आपलं बुजगावणं कुठं गेलं?

मागच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला आम्ही दोघी मायलेकी मंगळवेढ्याकडं माझ्या माहेरी गेलो होतो. शाळू हुरड्यात आलेला, संध्याकाळी बांधाकडंला आगटी पेटवून कणसं भाजायची, चोळून चोळून तळहात काळे-हिरवे व्हायचे, सोबत लसणाची चटणी, आणि रात्री इतकी थंडी की वाकळंतून पाय बाहेर काढवत नाही. दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर लेकीनं माझा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिचा गेम उघडला. स्टारड्यू व्हॅली, शेती करायचा गेम. पुण्याच्या घरी ती तो मोठ्या पीसीवर खेळते, लॅपटॉपवर पहिल्यांदाच उघडत होती. लोड झाला, तिचं शेत आलं, तिची कोंबड्यांची खुराडी आली, तळ्याकाठचा भोपळ्याचा वाफा आला, सगळं जिथल्या तिथं. मी तिच्या शेजारीच आडवी झाले होते. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई, आपलं बुजगावणं कुठं गेलं?"

मी उठून बघितलं. वाफ्याच्या मधोमध बुजगावणं होतं की. पण ते गेममधलं मूळचं होतं, पेंढ्याचं, टोपीवालं. आमचं नव्हतं.

आमचं म्हणजे काय ते सांगते. आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून एक छोटासा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायचा बदल, केला होता. काठीवर मडकं, मडक्यावर चुन्यानं काढलेले दोन गोल डोळे, खाली माझ्या वडिलांचा, आप्पांचा असतो तसा पांढरा सदरा, एक बाही फाटलेली. चित्र तिनंच काढलं होतं, एकेक पिक्सेल भरून. त्या गेममध्ये बुजगावण्याला जागा मिळते ती १६ पिक्सेल रुंद आणि ३२ पिक्सेल उंच, बस एवढीच. एवढ्या जागेत फाटकी बाही दाखवायची म्हणजे एक पिक्सेल कमी ठेवायचा की दोन यावर आमची अर्धा तास चर्चा. ते चित्र पीसीवर बसवलं आणि तिच्या शेतात ते उभं राहिलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून घरभर नाचली होती. आणि आता ह्या लॅपटॉपवर ते नव्हतंच. ती रडली वगैरे नाही. "हे माझं शेत नाहीये," एवढंच म्हणाली, झाकण लावलं आणि आजीच्या कुशीत जाऊन झोपली.

मला मात्र झोप येईना.

कारण काय ते मला माहीत होतं, तिला सांगताही आलं असतं. तिचं शेत, म्हणजे सेव्ह फाइल, स्टीमच्या, म्हणजे जिथून हे गेम घेतो त्या ऑनलाइन दुकानाच्या, क्लाउडमधून आपोआप माझ्या लॅपटॉपवर उतरली होती. पुण्याच्या पीसीवर विंडोज, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम, पण सेव्ह फाइलीला त्याचं काही नसतं, ती सगळीकडं सारखीच वाचली जाते. मॉड मात्र क्लाउडमधून येत नाहीत, ते ज्या मशीनवर बसवले तिथंच राहतात. आणि सेव्ह फाइलीत बुजगावण्याचं चित्र नसतंच मुळी. तिथं फक्त एवढंच लिहिलेलं असतं की अमुक चौकोनात आठ नंबरची वस्तू उभी आहे. आठ नंबर म्हणजे बुजगावणं. त्याचं तोंड कसं, सदरा कसला, हे ज्या त्या मशीननं आपल्यापाशी जे चित्र असेल त्यावरून ठरवायचं. म्हणजे शेताला आठवत होतं की इथं कुणीतरी उभं आहे, कोण ते आठवत नव्हतं. रात्री अंधारात पडल्या पडल्या हे वाक्य डोक्यात आलं आणि मग ते काही केल्या जाईना.

मला हे मॉडचं वेड लावलं ते सोलापूरच्या चुलतभावानं, दादानं. २००६ची गोष्ट, मी बारावीच्या परीक्षेनंतर त्यांच्याकडं राहायला गेले होते. त्याच्याकडं असेंबल केलेला पीसी, विंडोज एक्सपी, कॅबिनेटचं एक झाकण कायम उघडं कारण आतलं तापायचं, आणि बाजूला टेबलफॅन लावलेला. त्यावर व्हाइस सिटी, शहरभर गाड्या पळवायचा गेम. एक दिवस दादा सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर काहीतरी घेऊन आला आणि म्हणाला, बस इथं, गंमत बघ. त्यानं गेमच्या फोल्डरात जाऊन मॉडेल्स नावाचा फोल्डर उघडला, तिथल्या जीटीएथ्री नावाच्या भल्यामोठ्या फाइलीतून एक गाडी काढली आणि तिच्या जागी दुसरी घातली. गाडीच्या दोन फाइली असायच्या, एक डीएफएफ म्हणजे गाडीचा सांगाडा, एक टीएक्सडी म्हणजे तिच्यावरचा रंग-कातडं. गेम सुरू केला आणि मायामीसारख्या त्या गुलाबी शहरात, ताडाच्या झाडांखालून, पांढरी अँबॅसडर आली. ॲडमिरल नावाच्या गाडीच्या जागी. मला आठवतं मी तोंडावर हात ठेवला होता. एवढं मोठं परक्या मुलखातलं शहर आणि त्यात आपल्या कलेक्टर ऑफिससमोर उभी असते तशी गाडी, आणि ती तिथं दादानं आणून ठेवली होती, माझ्यादेखत.

मग काय, मलाही करून बघायचं होतं. दादा कॉलेजला गेल्यावर मी एकटीनं बसले. त्यानं सांगितलं होतं की आधी मूळ फाइल जपून ठेवायची, म्हणून मी ती जीटीएथ्रीची इमेज फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवली, अगदी शहाण्यासारखी, आणि मग एक बस बदलली. काहीतरी चुकलं, गेम लोड होता होता बंद पडायला लागला. म्हटलं काही नाही, मूळ फाइल आहे, ती परत ठेवू. परत ठेवली तरी बंदच पडतोय. दोनदा, तीनदा. घशाला कोरड पडली होती माझ्या. दादा आल्यावर रडतच सांगितलं तर तो चिडला नाही, खुर्ची ओढून बसला आणि मला दाखवलं की व्हाइस सिटीत ती फाइल एकटी नसते, तिच्याच नावाची दुसरी एक बारकीशी फाइल असते, शेवटी डीआयआर लिहिलेली. मोठीत सगळा माल असतो आणि बारकीत यादी, की कुठली वस्तू कितव्या जागेपासून सुरू होते. मॉड टाकताना दोन्ही बदलतात. मी माल जुना आणला होता आणि यादी नवीच राहिली होती, त्यामुळं गेम बस शोधायला जायचा आणि तिथं त्याला भलतंच काहीतरी सापडायचं. "कोठी जपलीस, कोठीची वही नाही जपली," दादा म्हणाला. पुढच्या सॅन अँड्रियास ह्या गेममध्ये यादी त्या मोठ्या फाइलीतच घातली गेली, पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी दोन सीड्या घालून गेम पहिल्यापासून बसवला, पाऊण तास लागला, आणि काकू चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही त्या पुढं सरकणाऱ्या पट्टीकडं बघत बसलो होतो.

मंगळवेढ्याच्या घरात त्या रात्री मला हे सगळं आठवलं कारण चूक तीच होती. शेत आणलं होतं, वही आणली नव्हती.

मधल्या वर्षांत मी बरीच मशीनं बघितली. आणि माझं असं झालंय की कुठलंही मशीन मला त्याच्या मॉडच्या वाटेनंच ओळखीचं होतं. विंडोजवर सगळं त्या मानानं समोर असतं, गेमचा फोल्डर उघडा, आत टाका, झालं. माइनक्राफ्टसाठी तेवढं रनमध्ये जाऊन ॲपडेटा लिहावं लागतं कारण त्याचा फोल्डर तिथं आत बसलेला असतो. मॅकवर माझ्या नणंदेच्या मुलासाठी स्टारड्यूचे मॉड बसवले होते, तिथं दारावर रखवालदार. ओळख नसलेल्या डेव्हलपरची फाइल आहे, उघडणार नाही, असं म्हणून तो अडवतो, मग सेटिंगमध्ये जाऊन तिला परवानगी द्यायची. आणि लायब्ररी नावाचा फोल्डर तर मॅक लपवूनच ठेवतो. तो पोरगा वैतागला होता, पण मला त्या रखवालदाराचा राग येत नाही. २०२३च्या जूनमध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर पसरलं होतं, चांगल्या, नावाजलेल्या मॉडच्या अपडेटमध्ये ते घुसवलेलं, आणि विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालायचं. कुणाच्या तरी पोरानं नुसता गेम सजवायला म्हणून फाइल उतरवली आणि पासवर्ड चोरीला गेले. मॉड म्हणजे शेवटी अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपण हातानं घरात घेतो. तेव्हा कुणी दारात एकदा विचारलं की बाई, खात्री आहे का, तर मी म्हणते विचारू दे.

लिनक्सचं प्रकरण वेगळं. २०१८च्या ऑगस्टमध्ये स्टीमवाल्या वाल्व कंपनीनं स्टीममध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालायला लागले, तेव्हा मी सगळ्यात आधी स्कायरिम नावाचा गेम टाकला. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक खोटं विंडोज मांडतं, त्यात सी ड्राइव्ह असतो, त्यात यूजर्स, त्यात स्टीमयूजर नावाचा एक माणूस, त्याचे डॉक्युमेंट्स. भातुकली मांडावी तसं इवलंसं घर, आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. स्कायरिमच्या त्या घराचा नंबर ४८९८३०, अजून पाठ आहे मला. तिथं एकदा घरांच्या भिंतींचा मॉड टाकला तर अर्ध्या भिंती बदलल्या, अर्ध्या जुन्याच. दोन रात्री शोधत होते. शेवटी दिसलं की टेक्श्चर्स नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसलेत, एकाचा टी कॅपिटल, दुसऱ्याचा स्मॉल. विंडोजला दोन्ही एकच, तिथं ते एकमेकांत मिसळले असते. लिनक्सला ही दोन वेगळी नावं, त्यामुळं त्यानं दोन फोल्डर केले आणि गेमला एकातलं सापडायचं, दुसऱ्यातलं नाही. आपल्या लिपीत कुठलं अक्षर मोठं-लहान नसतं, त्यामुळं आपल्याला ह्याची सवयच नाही. पण मग मला वाटलं आपल्याकडं दिन आणि दीन आहेच की. एका वेलांटीनं दिवसाचा गरीब होतो, आणि शाळेत बाईंनी त्यासाठी मार्क कापले तेव्हा आपण निमूट ऐकलंच. लिनक्स त्या बाईंसारखं आहे. कडक, पण जे लिहिलंय तेच वाचतं, मनानं काही धरत नाही.

सकाळी उठल्यावर मी नवऱ्याला फोन लावला. तो पुण्यात होता, आणि बुजगावण्याचं ते चित्र फक्त पुण्याच्या पीसीवर. गावात बोलण्याएवढी रेंज माळवदावरच येते, म्हणून मी शाल गुंडाळून माळवदावर, लेक माझ्या शेजारी, खाली आप्पा गाईची धार काढतायत, आणि मी नवऱ्याला एकेक पायरी सांगतेय. अरे, स्टीम उघड. स्टारड्यूवर राइट क्लिक कर. मॅनेज. मग ब्राउज लोकल फाइल्स. त्याला गेममधलं काही कळत नाही, तो ऑडिटचं काम करतो, पण वाचून दाखवायला पक्का. "कंटेंट आहे. मॉड्स आहे." मॉड्स उघड. "यात चार आहेत. कन्सोल कमांड्स, कंटेंट पॅचर, सेव्ह बॅकअप आणि बुजगावणं." शेवटचं नाव त्यानं असं म्हटलं की जणू घरातल्या कपाटात त्याला कुणी माणूस सापडलाय. मी म्हटलं, त्याच्या आत काय काय आहे वाच. "दोन जेसन फाइली. आणि एक चित्र." मग जरा वेळ आवाज नाही. "हे एवढंसं आहे? मी मोठं करून बघतोय. ही बाही फाटलीय का?" लेक एकदम फोनवर झुकून ओरडली, "हो बाबा! ती फाटलेलीच हवी!" मी त्याला बजावलं की आख्खा फोल्डर झिप करून पाठव, चित्र फोटो म्हणून पाठवू नकोस, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतं आणि मागचा पारदर्शक भाग जाऊन पांढरा चौकोन येतो. त्यानं झिप पाठवली. काही केबींची. आलीसुद्धा लगेच, माळवदावरच्या दोन कांड्या रेंजवर.

स्मापी मात्र उतरवायला वेळ लागला. स्टारड्यूमध्ये मॉड चालवायचे तर आधी ते लागतं, फुकट आहे, त्याचा कोडही कुणालाही बघता येतो. एकाच झिपमध्ये तिन्ही मशीनांसाठी वेगवेगळी फाइल असते, विंडोजला बॅट, मॅकला कमांड, लिनक्सला एसएच. लिनक्सवाली टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, चालवली. आधी ते विचारतं कुठल्या रंगातली अक्षरं नीट दिसतायत, मग गेम कुठंय ते स्वतःच शोधतं. माझ्याकडं त्याला सापडला नाही. मीही नेहमीच्या जागी बघितलं, होम फोल्डरातल्या लपलेल्या लोकलमध्ये, तर तिथं स्टीमच नाही. मग आठवलं, मी स्टीम फ्लॅटपॅकनं, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायच्या दुसऱ्या एका पद्धतीनं घेतलंय, त्याचं बिऱ्हाड वेगळं असतं, व्हारच्या आत ॲपच्या आत. लपलेले फोल्डर दिसावेत म्हणून कंट्रोल एच दाबलं आणि ज्यांच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं ते सगळे फोल्डर फिकट फिकट उगवले, तेव्हा लेक म्हणाली, "एवढे सगळे इथंच होते?" हो, इथंच होते. मग आख्खा पत्ता हातानं लिहिला, एकेक तिरकी रेघ बघून, आणि लिनक्सनं तो मानला.

त्या इन्स्टॉलरची एक गोष्ट मला फार आवडते. लिनक्सवर तो गेम सुरू करणाऱ्या मूळ फाइलीच्या जागी स्वतःची फाइल बसवतो, पण मूळची पुसत नाही, तिच्या नावापुढं ओरिजिनल लिहून शेजारीच ठेवतो. म्हणजे कधी मॉड नको झाले तर जसं होतं तसं परत. दादाच्या त्या पहिल्या वाक्यासारखं. कोण कुठली माणसं, दिवसा नोकरी करत असतील, रात्री बसून हे लिहितात, फुकट देतात, आणि तुमचं मूळ जपूनही ठेवतात. हा गेमसुद्धा एका माणसानं केलेला आहे, एरिक बरोन, चित्रं, संगीत, कोड, सगळं एकट्यानं, चारेक वर्षं खपून, २०१६ला बाहेर आला. त्याच्या शेतात आपलं मडकं उभं करायला त्यानं आपल्याला आडकाठी केली नाही, ह्याचं मला खरंच अप्रूप वाटतं. एकदा लेकीनं विचारलं होतं की एक बटण का नाही, दाबलं की सगळ्या कॉम्प्युटरवर. काही गेमना तसं आहे, स्टीम वर्कशॉप, सबस्क्राइब दाबलं की झालं, आणि ज्याला नुसतं खेळायचंय त्याला तेच बरं. पण तसं बटण असतं तर दादानं मला मॉडेल्सचा फोल्डर दाखवला नसता आणि मी आज ज्या कामावर पोट भरते ते काम मला सुचलंही नसतं. दोन्ही खरं आहे, आणि मला ह्यातलं एक निवडता येत नाही.

मॉड्स फोल्डरात कंटेंट पॅचर, म्हणजे गेमची चित्रं बदलून देणारा मॉड टाकला, बुजगावणं टाकलं. गेम सुरू केला. टर्मिनलमध्ये अक्षरं धावली, लाल ओळ एकही नाही. शेत आलं आणि भोपळ्याच्या वाफ्यात ते उभं होतं, डोळे वटारून, एक बाही फाटकी. लेक काही बोलली नाही, लॅपटॉप तसाच उचलून जिन्यावरून खाली पळाली, मी ओरडतेय अगं जपून, ती थेट आप्पांपुढं. आप्पांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, स्क्रीन लांब धरून बघितली. गेममध्ये बुजगावण्याभोवती आठ चौकोनांपर्यंत कावळे येत नाहीत, हे तिनं त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली. हल्ली आमच्या शेतात बुजगावणं नसतं, चमकणाऱ्या फिती बांधतात, वाऱ्यानं त्या फडफडतात, आणि भोरड्यांचा थवा आला तर त्याचाही उपयोग नाही, मग ताटलीच वाजवत फिरावं लागतं. मी लहान होते तेव्हा माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखायला जायचे आप्पांबरोबर, तेव्हा बांधावर मडक्याचं बुजगावणं असायचं, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की मीच त्याच्याकडं बघायला घाबरायचे. ते सगळं मी तिला सांगितलेलं, त्यातूनच तर ते चित्र झालेलं.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मडकं पालथं घालतेत गं बाळा. हे सुलटं हाय. मग काठी कुठनं घालणार?"

खरंच की. तिनं मडक्याचा काठ वर काढला होता, पाण्याचं मडकं असतं तसा. मी दिवाळीत शेजारी बसून प्रत्येक पिक्सेल बघितला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी ज्या बुजगावण्याला घाबरायचे त्याचं मडकं कसं होतं तेच मी विसरले होते. ती लगेच ओट्यावर बसली, चित्र उघडलं, काठाच्या दोन ओळी वरून खोडल्या आणि खाली गळ्याशी आणल्या, वर गोल बूड केलं. आप्पा शेजारी उकिडवे बसून सांगतायत, अजून जरा खाली, हां, आता काठी बसली. सेव्ह करताना तिनं जुनं चित्र खोडलं नाही, त्याला पुणे असं नाव देऊन वेगळं ठेवलं. मी सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपून परत आलो. पीसी आणि लॅपटॉप आता एकाच घरात, एकाच टेबलावर. मी म्हटलं, इकडचंही बदलून टाकू का, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली नको. त्यामुळं पीसीवर तिच्या शेतात सुलट्या मडक्याचं उभं असतं आणि लॅपटॉप उघडला की त्याच जागी पालथ्या मडक्याचं. रविवारी आप्पांचा फोन येतो, पाऊसपाणी, गाईचं, सगळ्यांचं विचारून झालं की शेवटी ते तिला विचारतात, "मडकं पालथंच हाय न्हवं?"

"हो आप्पा," ती सांगते, "लॅपटॉपवर."